गाडी परत केली, बिल मागाहून आले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२५ मध्ये माझ्या चुलतभावाच्या नातवाची मुंज कोथरूडला होती. आमची स्वतःची गाडी विकून चार वर्षे झाली, म्हणून मुलाने घोडबंदर रोडवरच्या एका दुकानातून तीन दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली. ड्रायव्हर नाही, आपणच चालवायची. शुक्रवारी सकाळी नऊ ते सोमवारी सकाळी नऊ. भाडे आगाऊ भरले, वर ५,००० रुपये डिपॉझिट. मुंज छान झाली. बटू भिक्षावळीत पेंगत होता, पण ते चालायचेच. सोमवारी गाडी परत केली आणि बुधवारी मुलाच्या मोबाइलवर डिपॉझिटचे १,७७६ रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. सोबत एका कागदाचा फोटो. ५,००० पैकी ३,२२४ रुपये कापले होते.

"बाबा, जाऊ दे ना," मुलगा म्हणाला. तो आयटीत आहे, त्याच्या वेळेला भाव आहे. मी वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत एकतीस वर्षे स्टोअरकीपर होतो. पर्चेस ऑर्डर, डिलिव्हरी चलन आणि बिल हे तीन कागद जुळल्याशिवाय मी कधी सही केली नाही, त्यावरून बोलणीही खाल्ली. निवृत्त झाल्यापासून तर माझ्या वेळेला कोणी विचारत नाही. चष्मा लावला आणि तो कागद घेऊन बसलो.

पहिली ओळ: एक्स्ट्रा किमी ३७ × १२ = ४४४. करार दिवसाला १५० किमीचा, म्हणजे तीन दिवसांचे ४५०. दुकानाने जातानाचे रीडिंग ४१,१६८ आणि येतानाचे ४१,६५५ धरले होते. वजाबाकी ४८७. वजाबाकी बरोबर आहे, आकडा चुकला आहे. शुक्रवारी सकाळी ८ वाजून ५२ मिनिटांनी मी डॅशबोर्डचा फोटो काढला होता, त्यात ४१,२६८ स्वच्छ दिसते. आम्ही ३८७ किमीच फिरलो. ठाणे-पुणे जाऊन-येऊन तीनशे, बाकीचे आत्याला चिंचवडहून आणण्या-पोहोचवण्यात आणि ऐन वेळी राहिलेल्या सामानासाठी गावात मारलेल्या फेऱ्यांत. दुकानातल्या पोराने कागद गाडीच्या टपावर धरून मराठी आकड्यांत रीडिंग लिहिले होते. घाईत लिहिलेल्या १ आणि २ मध्ये एका शेपटीचा तो काय फरक! पुढे कोणीतरी ते कॉम्प्युटरवर चढवले आणि शंभर किमी वाढले. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. पण एकतीस वर्षांत मी पाहिले आहे, अशी चूक बिल करणाऱ्याच्या खिशातून पैसे जातील अशी सहसा होत नाही.

दुसरी ओळ: इंधन कमी, २ पट्ट्या, १,००० रुपये. दुकानाच्या छापील फॉर्मवर 'टँक फुल' हे आधीच छापलेले आहे. प्रत्यक्षात आम्हाला गाडी मिळाली तेव्हा आठपैकी सहा पट्ट्या होत्या आणि आम्ही सहाच पट्ट्यांवर परत दिली. सोमवारी पहाटे येता येता तुर्भ्याच्या अलीकडे पंपावर थांबून भरलेली पावती आहे. जाण्यापूर्वीच्या पट्ट्या वर सांगितलेल्या त्याच फोटोत आहेत. इंजिन चालू करून घेतलेला एक फोटो, त्यात किमी आले, पेट्रोल आले, घड्याळ आले. एकाच फोटोने १,४४४ रुपये वाचवले.

तो फोटो निघाला कसा ते सांगतो, कारण मुलाला त्या वेळी माझी लाज वाटत होती. गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये होती. नुकती धुतलेली, अंगावर पाणी. वर एकच ट्यूबलाइट, तीही मिणमिणती. पोरगा म्हणाला, "काका, एकदम क्लीन गाडी आहे, इथे सही करा." ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही हे ज्याने एकदा रंगकाम केलेला माल पाण्यात भिजलेला उतरवून घेतला आहे त्याला ठाऊक असते. मी खिशातला रुमाल काढला आणि चारी दारे पुसली. मग मुलाला गाडी उन्हात आणायला लावली. मागच्या बंपरला डाव्या कोपऱ्यात वीतभर ओरखडा, पुढच्या काचेला खाली डाळीएवढा टवका, एका चाकाच्या रिमला घासलेले. फॉर्मवर गाडीचे चित्र असते, वरून-बाजूने, त्यावर खुणा करायच्या असतात. पोराने अख्ख्या चित्रावर आडवे 'ओके' लिहिले होते. मी त्याच्याकडून तिन्ही खुणा करून घेतल्या, डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पाना आहे ना ते पाहिले, गाडीभोवती फिरत एक व्हिडिओ काढला आणि त्याच्याच मोबाइलवर पाठवून दिला. या सगळ्याला अकरा मिनिटे लागली. सौ. मागच्या सीटवर बसून म्हणत होत्या, "अहो, मुहूर्त तुमच्यासाठी थांबणार आहे का?" मुहूर्त दुसऱ्या दिवशी होता. त्या ओरखड्याचे पैसे मात्र दुकानाने मागितले नाहीत. मला वाटते, तो व्हिडिओ पोहोचला होता म्हणूनच.

आता टोल. खरे पत्र यासाठीच लिहितो आहे.

पूर्वी नाक्यावर पैसे दिले की हातात चिटोरे यायचे. ती चिटोरी डॅशबोर्डवर उडत असायची, पण हिशेबाला पुरावा असायचा. आता फास्टॅग. १ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या नाक्यांवरही तो सक्तीचा झाला, नसेल तर दुप्पट टोल. स्वतःच्या गाडीला सोय उत्तम आहे, पैसे कापले की मेसेज येतो. पण भाड्याच्या गाडीचा टॅग दुकानाच्या नावावर, मेसेज दुकानाच्या मोबाइलवर. चालवणाऱ्याला फक्त काठी वर झालेली दिसते. पैसे त्याचेच जातात, किती गेले ते त्याला सोडून सगळ्यांना कळते.

आमच्या कागदावर टोलच्या तीन ओळी होत्या. एक्स्प्रेसवेचे ६४०, ते बरोबर. कारला एका बाजूचे ३२०, आम्ही गेलो आणि आलो. दुसरी ओळ, ऐरोली नाका ४५ × २ = ९०. आम्ही कळवा, विटावा, ठाणे-बेलापूर रस्ता, तुर्भे, कळंबोली असे गेलो आणि तसेच आलो. ऐरोलीचा नाका मुलुंडकडे जाणाऱ्या खाडीपुलाच्या रस्त्यावर, त्याची आमची गाठच नाही. आणि पडली असती तरी काय? १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर, म्हणजे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन्ही नाके, छोट्या गाड्यांना टोल माफ आहे. ठाण्यात ज्याने मुलुंडच्या आनंदनगर नाक्याच्या रांगेत आयुष्याची वर्षे घातली त्या माणसाला ही तारीख स्वतःच्या लग्नाच्या तारखेसारखी पाठ आहे. दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये जुना तक्ता तसाच राहिला होता. 'पुणे' टाकले की ९० रुपये आपोआप चढत होते. सात महिने किती जणांकडून गेले असतील कोण जाणे.

तिसरी ओळ, अटल सेतू, २५०, शनिवार. शनिवारी आमची गाडी दिवसभर कोथरूडला कार्यालयाच्या अंगणात उभी होती, तिच्या बॉनेटवर कोणीतरी रुखवताचे ताट ठेवल्याचा फोटोही आहे. आणि ठाण्याचा माणूस पुण्याला जायला आधी शिवडीला जाऊन समुद्रावरून न्हावाशेव्याला कशाला उतरेल? याला आमच्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. मी दुकानाला फोन केला. बाई म्हणाल्या, "सर, सिस्टिममध्ये आलंय म्हणजे तुम्ही गेलाच असाल." मी म्हटले, टॅगचे स्टेटमेंट पाठवा. ते गोपनीय आहे म्हणाल्या. माझ्या तीन दिवसांचे माझ्यापासून गोपनीय! चार दिवस फोन केल्यावर स्टेटमेंटचा अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट आला, आणि त्यातच उत्तर होते. एका ओळीत दोन वेळा असतात. नाक्यावर टॅग वाचला गेला ती वेळ, आणि बँकेत नोंद पडली ती वेळ. अटल सेतूवर टॅग वाचला गेला गुरुवारी रात्री, म्हणजे आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाच्या हातात गाडी असताना. नोंद पडली शनिवारी. दुकानाने नोंदीची तारीख पाहिली आणि पैसे आमच्या नावावर टाकले. म्हणून भाड्याच्या गाडीचा टोल तपासताना तारीख पाहून भागत नाही, कुठल्या रकान्यातली तारीख ते पाहावे लागते. आमच्या सौ.नी वाटेतल्या प्रत्येक नाक्याची वेळ हिशेबाच्या वहीत लिहिली होती, भाजीच्या खर्चाखाली. मी तिला तसे सांगितले नव्हते, तिला सवयच आहे. ती वही या भांडणात मुलाच्या लॅपटॉपपेक्षा जास्त उपयोगी पडली.

३०० रुपये साफसफाईचे होते. ते मी मान्य केले. मागच्या सीटवर पेढ्यांचा खोका उलटला होता आणि नातवाने त्यावर बसून घेतले होते. जे आपले ते आपले.

उरली उशिराची ओळ, दोन तास × २५० = ५००. आम्ही सोमवारी ८ वाजून ४० मिनिटांनी दुकानासमोर हजर. शटर बंद. कराराच्या कागदावरच्या नंबरला मुलाने तीन फोन केले, कोणी उचलला नाही. शेजारच्या टपरीवर दोन चहा झाले. पोरगा १० वाजून २५ मिनिटांनी आला, शटर वर केले, गाडीभोवती एक चक्कर मारली, "ओके सर" म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली. कागदावर परतीची वेळ साडेदहा. मुलाला ऑफिस गाठायचे होते, मलाही घरी जाऊन आडवे व्हायचे होते. आमची चूक इथे झाली. माल आत घेताना मी रुमालाने पुसून घेतला आणि बाहेर देताना गेटपास न घेता निघून आलो. स्टोअरमध्ये असे कोणी केले असते तर मी त्याला उभे केले असते. परत देतानाही तेवढाच फोटो काढायचा, त्याच पोराकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या: रीडिंग इतके, पट्ट्या इतक्या, नवीन ओरखडा नाही, वेळ अमुक, डिपॉझिटमधून टोल सोडून काही कापायचे नाही. लिहून देत नसेल तर त्याच्यासमोर व्हॉट्सअॅपवर टाईप करून त्याच्या नंबरला पाठवायचे. मेसेजवर वेळ आपोआप पडते.

पुढचे थोडक्यात. मी कागदाच्या प्रत्येक ओळीला क्रमांक देऊन, त्यासमोर माझा पुरावा लावून एकच ईमेल केला. फोनवर भांडलो नाही, कारण फोनवर रोज नवीन माणूस. आधी पक्के बिल मागितले. जो फोटो आला होता त्यावर वर बारीक अक्षरात 'एस्टिमेट' लिहिले होते आणि जीएसटी क्रमांक नव्हता. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, पंधरा अक्षरे-आकड्यांचा असतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की तो कोणाचा ते दिसते. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, एवढे एक वाक्य ईमेलात घातले. पक्के बिल दुसऱ्या दिवशी आले, आणि गंमत म्हणजे पक्क्या बिलातून ऐरोलीचे ९० रुपये आपले आपण गायब झाले होते. किमी आणि पेट्रोलचे पैसे आठवडाभरात परत आले. अटल सेतूसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक दुकानाला कळवला. चौथ्या दिवशी २५० जमा. त्यापुढे जायची वेळ आली असती तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मुदत दोन वर्षांची. डिपॉझिट आम्ही यूपीआयने दिले होते. क्रेडिट कार्डाने दिले असते तर चुकीच्या कपातीवर बँकेकडे हरकत घेता आली असती, हे नंतर कळले.

ई-चलनाचेही असेच आहे. चलन गाडीच्या मालकाच्या नावाने निघते, मग दुकान ते आपल्याकडे पाठवते, वर आपले 'प्रोसेसिंग' लावून. आमच्या सोसायटीतल्या एकांना दोन महिन्यांनी आले. त्यांनी फोटो आणि वेळ मागितली तर गाडी त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हतीच. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन फोटोसकट दिसते. ते चार आकडे आरसी बुकात असतात, म्हणून गाडी घेतानाच आरसीचा एक फोटो काढून ठेवावा. आणि जाता जाता: स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी असते, अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात कोणी देत असेल तर घेऊ नये. खासगी गाडी भाड्याने फिरवली आणि ठोकली, तर विमा कंपनी हात वर करते, आणि मग हा हिशेब हजारांत राहत नाही.

माझी मागणी परिवहन खात्याकडे आहे. अशा गाड्यांची रेंट-अ-कॅब योजना १९८९ ची आहे. तेव्हा टोलला चिठ्ठी होती, चलन हातात मिळायचे, आणि गाडी परत करताना मालक समोर उभा असायचा. आता या सगळ्याचा पुरावा एकाच बाजूकडे आहे. दोनच गोष्टी सक्तीच्या करा. गाडी परत घेताना दुकानाने सहीची पोच द्यावी, रीडिंग, इंधन आणि वेळ लिहून. आणि टोलचा रुपया कापताना टॅगच्या स्टेटमेंटमधली ती ओळ, दोन्ही वेळांसकट, बिलाला जोडावी. स्टेटमेंट दुकानाकडे असतेच, त्याला वेगळा खर्च नाही. ठाणे-नवी मुंबईत अशी दुकाने आता गल्लोगल्ली निघाली आहेत. गणपतीत कोकणात जायला लोक रांगा लावतील, त्याच्या आधी हे झाले तर बरे.

पत्र लांबले याची जाणीव आहे. कात्री लावायचीच असेल तर आमच्या घरच्या गोष्टींना लावा, आकड्यांना लावू नका.

ते उशिराचे ५०० रुपये अजून आलेले नाहीत. मुलाने तीन फोन केल्याचा कॉल लॉग पाठवला, टपरीवाल्याला यूपीआयने दिलेल्या चहाच्या पैशांची वेळ पाठवली. दुकानाचे म्हणणे, लवकर आलात तर किल्ली पेटीत टाकायची असते, पेटी आहे, करारात लिहिले आहे. लिहिले आहे, मी वाचले. परवा मुद्दाम रिक्षा करून सकाळी साडेआठला जाऊन पाहिले, शटर बंद होते. नऊला, साडेनऊला, बंद. दहा वाजून गेल्यावर पोराने ते वर केले. पेटी खरोखरच आहे. लाल रंगाची, वर 'की ड्रॉप' असे लिहिलेली, आतल्या भिंतीला ठोकलेली.

— एक निवृत्त स्टोअरकीपर,
पाचपाखाडी, ठाणे (प.)